अव्वाच्या गॅलरीतला बटण गुलाब

मी बटण गुलाब बोलतोय. सांगावं लागतं, कारण आता माझ्याकडे बघून कुणाला ते ओळखू यायचं नाही. शुक्रवार पेठेत एका जुन्या घराच्या पहिल्या मजल्यावर, गॅलरीच्या कठड्याजवळ एक मातीची कुंडी आहे. तिच्यात चार-पाच वाळक्या काड्या उभ्या आहेत, तोच मी. पाच वर्षांचं माझं आयुष्य. त्यातली पहिली चार वर्षं मी राजासारखा जगलो. शेवटच्या वर्षाचं सांगायला जीभ रेटत नाही, पण सांगतो.

आधी एक गैरसमज काढून टाका. मी मोठ्या गुलाबाचं खुरटलेलं पोर नाही. आमची जातच ठेंगणी. फूल शर्टाच्या मोठ्या बटणाएवढं, पान नखाएवढं, काटे मात्र चांगले बोचतील असे. मोठ्या गुलाबांचा डोळा, म्हणजे अंकुर, रानगुलाबाच्या बुडावर बांधतात, ते दुसऱ्याच्या पायावर उभे असतात. आम्ही आमच्या स्वतःच्या मुळांवर उभे राहतो. या गोष्टीचा मला फार गर्व होता. अजूनही आहे, खोटं कशाला बोलू?

अक्कलकोट रोडला मायाप्पाची नर्सरी आहे. तिथे माझा जन्म झाला. मायाप्पाने एका फांदीचे बोट-बोट लांबीचे तुकडे केले आणि एका काळ्या पिशवीत चार काड्या खोचल्या. चौघं एकदम फुटले की रोप गच्च भरलेलं दिसतं आणि गिऱ्हाईक भुलतं. घरी गेल्यावर त्या एवढ्याशा मातीत चौघं एकमेकांच्या तोंडचा घास ओढतात आणि महिन्याभरात माना टाकतात. मग माणसं म्हणतात, "असले गुलाब टिकतच नाहीत." म्हणजे कोंबायचं तुम्ही आणि नाजूक आम्ही!

एका संध्याकाळी नर्सरीच्या फाटकाला एक सायकल टेकली. सिद्धप्पा उतरले. जवळच्या टॉवेलच्या कारखान्यात ते जॉबर होते. माग बंद पडला की त्याच्या पोटात शिरून तो पुन्हा चालू करायचा, हे त्यांचं काम. केसांवर, भुवयांवर, मिशीवर कापसाचे तंतू बसलेले.

"मायाप्पा, बारक्या फुलाचं गुलाब हाय का?"

"बारकं कशाला? मोठं घ्या की. लई टपोरं फूल येतंय."

"मोठं नको. आमची मंडळी रोज लिंगपूजा करती. तळहातावर लिंग ते केवढं! मोठं फूल ठेवलं की देवच दिसत न्हाय. मग ती पाकळ्या तोडून वाहती आन् दिवसभर हळहळती, मोडलेलं फूल वाहिलं म्हणून. तिला एक अख्खं फूल वाहायचंय."

मायाप्पा हसला आणि त्याने माझी पिशवी पुढे केली. हँडलला लटकून, प्रत्येक खड्ड्यागणिक हेलकावे खात मी शुक्रवार पेठेत आलो. सिद्धप्पांनी त्याच दिवशी आम्हा चौघांची मुळं हलक्या हाताने सोडवली. तिघे शेजारपाजारी गेले, मी राहिलो. खालून भोक असलेली कुंडी, तळाला विटांचे तुकडे, वर शेणखत, वाळू आणि निंबोळी पेंड घातलेली माती. दाबून बसवलं आणि आत हाक मारली, "शिवबाई, बघ तर खरं!"

शिवबाई बाहेर आल्या. माझ्यावर एकच फूल होतं, गर्द गुलाबी. त्यांनी ते तोडलं नाही, नुसतं आपल्या तळहातावर टेकवून बघितलं आणि म्हणाल्या, "एन्री, अगदी मापाचं हाय की!" एन्री म्हणजे कानडीत अहो. त्यांच्या घरात अर्धं बोलणं कानडीत आणि अर्धं मराठीत चाले. मुलगी काव्या लग्न होऊन पुण्याला गेलेली. तिच्या तोंडी वडील ते अप्पा आणि आई ती अव्वा, म्हणून माझ्याही तोंडी तेच बसलं.

अप्पांसारखा माळी मी पाहिला नाही. पाणी घालण्याआधी ते मातीत बोट खुपसून बघत. ओलं लागलं तर तांब्या तसाच परत. फूल सुकलं की एका देठाला पाच बारकी पानं असलेलं, पाच पानांचं पान शोधून त्याच्या जरा वर कात्री लावत. दिवाळीआधी निम्मा छाटून टाकत. पहिल्या वर्षी मी घाबरून मेलो होतो, पण महिन्यात असा काही फुटलो की स्वतःचाच विश्वास बसेना. मे महिन्यात गॅलरीचा कठडा भाजायला लागला की ते कारखान्यातून डाग पडलेला टॉवेल आणून दोरीवर बांधत, माझ्यापुरती सावली करत. पानांच्या पाठीला लाल कोळ्याची कीड लागली तर एकेक पान ओल्या फडक्याने पुसत. अव्वा चिडवायची, "माझ्या साडीला कधी हात लावला न्हाय, आन् ह्याला बघा कसं न्हाऊ घालताय!"

रोज सकाळी अव्वा आंघोळ करून पूजेला बसे. गळ्यातल्या डबीतून लिंग काढून डाव्या तळहातावर घेई, पाणी, दूध, मग पुन्हा पाणी, मग विभूती, आणि शेवटी माझं एक अख्खं फूल. ताम्हनात साठलेलं पाणी पायदळी जाता कामा नये. ते पाणी अप्पा तांब्यात भरत आणि कामावर जाता जाता खालच्या बोळातल्या बेलाच्या झाडाला घालत. मला त्यातला थेंब कधी दिला नाही.

का दिला नाही, ते त्यांना ठाऊक होतं आणि मला. विभूती कितीही पवित्र असली तरी ती राख. गुलाबाला थोडी आंबट माती लागते, आणि इथलं पाणी मुळातच जड. त्यात रोज राख आणि दूध पडलं की मुळं गुदमरतात. बेल जमिनीतला, थोराड झाड, त्याला काही होत नाही. वीतभर कुंडीतल्या गुलाबाने ते पचवायचं कसं? पण अप्पांनी हे अव्वाला कधी सांगितलं नाही आणि तिने कधी विचारलं नाही. जाता जाता नेतात, एवढंच तिला वाटे. इतक्या वर्षांच्या संसारात बऱ्याच गोष्टी अशा न बोलताच चालतात.

मग अप्पांना खोकला लागला.

"कापूस गेला असंल नाकात," अव्वा म्हणाली आणि आल्याचा, तुळशीचा काढा करायला लागली. दोन महिने काढा चालला. ती तो नेमाने करायची, तेही नेमाने प्यायचे आणि म्हणायचे, "बरं वाटतंय." बरं वाटत नव्हतं. माझ्याजवळ उभे राहून, कठडा धरून खोकायचे, ते मी ऐकत होतो. दवाखान्यात नेलं तेव्हा उशीर झाला होता. नवव्या दिवशी दुपारी त्यांना घरी आणलं, आणि गॅलरीचं दार कुणीतरी अर्धवट ओढून घेतलं.

त्यांना भिंतीला टेकवून बसवलं होतं, कपाळभर विभूती लावून. त्यांच्या डाव्या तळहातावर त्यांचं लिंग ठेवलं. आमच्या घरात माणूस असाच बसून, लिंगासकट मातीत जातो. अव्वा उठून बाहेर आली. माझ्यावर त्या दिवशी तीन फुलं होती. तिन्ही तिने तोडली. अप्पांनी शिकवल्यासारखी, पाच पानांच्या पानावर, कात्रीने. तेवढ्या रडण्यातही तिचा हात चुकला नाही. ती तिन्ही फुलं अप्पांबरोबर गेली. माझ्या आयुष्यात मी यापेक्षा मोठं काम केलं नाही, आणि यापेक्षा मोठं दुःखही मला झालं नाही.

दिवसकार्य झालं, पाहुणे गेले. पहिल्या मोकळ्या सकाळी अव्वाने पूजा केली. तांब्या भरला आणि तो न्यायला कुणी नव्हतं. तिच्या गुडघ्यांना जिना झेपत नाही. तांब्या हातात धरून ती बराच वेळ उंबऱ्यात उभी राहिली. मग माझ्याकडे आली.

"तगो," ती म्हणाली, म्हणजे घे. "त्यांचं झाड हाय तू. तुला न्हाय द्यायचं तर कुणाला?"

आणि ते पांढरट पाणी माझ्या मुळांवर आलं.

एक दिवसाचं काही नव्हतं, आठ दिवसांचंही मी सोसलं असतं. पण अव्वाचा नेम म्हणजे नेम. उन्हात, पावसात, तापाने फणफणली असतानाही तिने खाडा केला नाही. माझी पानं आधी शिरा सोडून पिवळी पडली. मातीवर पांढरा पापुद्रा धरला. खालचं भोक बुजलं. कळ्या बारीक व्हायला लागल्या, मग यायच्याच थांबल्या. फूल नाही म्हणून अव्वा नुसती विभूती वाहायची, दोन बोटं जास्तच. आणि मी सुकतोय हे बघून तिने तांब्यात दूधही वाढवलं. स्वतःच्या चहातलं काढून. मला ओरडावंसं वाटायचं, की अव्वा, तू पी ते, मला नको. तोंड असतं तर!

यंदा मार्चमध्ये काव्या आली. माझी दशा बघून ती मायाप्पालाच घेऊन आली.

मायाप्पा म्हातारा झालाय. उकिडवा बसून त्याने माझी फांदी नखाने खरवडली. तपकिरी. खालची खरवडली, तपकिरी. अगदी बुडाशी खरवडली तेव्हा नखाएवढं हिरवं निघालं. त्याचे डोळे चमकले. मग मातीत बोट घालून त्याने ते नाकाशी धरलं आणि तो थबकला. तेवढ्यात अव्वा पूजा आटोपून तांब्या घेऊन आली.

"हे काय घालताय वैनी?"

"पूजेचं पाणी हाय. ते गेल्यापासनं एक दिवस चुकवला न्हाय बघा." तिच्या आवाजात अभिमान होता. "सकाळी हे घालते न् मग मला बरं वाटतंय. त्यांच्या पोटात गेल्यासारखं."

मायाप्पाने मान खाली घातली. बोटाची माती धोतराला पुसत राहिला. मग म्हणाला, "वय झालंय ह्याचं, वैनी. ही बारकी गुलाबं चार-पाच वर्षंच जगत्यात. तुमी लई जगवलं."

खोटं! साफ खोटं! जपलं तर आम्ही बारा-पंधरा वर्षं फुलतो, आणि हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? अरे, हिरवं बघितलंस ना? बुडापर्यंत छाट, मुळं धू, नवी माती घाल, आणि एक वाक्य तिला सांग. एकच वाक्य! पंधरा दिवसांत कोंब काढून दाखवतो. मी मनातल्या मनात त्याला नाही नाही ते बोललो.

अव्वा मात्र त्याच्याकडे टक लावून बघत होती.

"वय झालं म्हणून दवाखान्यातबी सांगितलं होतं," ती म्हणाली. "एकसष्ट हे काय वय व्हय? मी काढा देत बसले म्हणून तसं झालं. ते कुणी तोंडावर बोललं न्हाय, पर मला कळतंय की. मायाप्पा, त्यांचं ऱ्हाऊ द्या. ह्याचं तरी खरं सांगा. माज्या हातनं काय चुकलंय का?"

ती पुढे झुकली तसा तांब्या कलला. पाणी काठावरून सांडून तिच्या पायावर पडलं, ते तिला कळलंही नाही. आणि तेव्हा माझा राग कुठच्या कुठे गेला. मायाप्पा, बोलू नकोस, मी म्हणालो. माझी शपथ आहे तुला, बोलू नकोस.

"न्हाय वैनी," मायाप्पा म्हणाला. "तुमच्या हातनं काय बी चुकलं न्हाय."

जिन्यात त्याने काव्याला खरं सांगितलं असावं. ती वर आली तेव्हा डोळे लाल होते. अव्वाला म्हणाली, "उद्यापासून पूजेचं पाणी मी बेलाला घालू का गं?"

"तू चार दिवस घालशील. मग?" अव्वा म्हणाली. "आन् सकाळी उठायला मला तेवढं एकच काम हाय बघ." काव्याने तिला मिठी मारली. रविवारी ती पुण्याला गेली.

तुम्हाला एक विनंती आहे. घरात बटण गुलाब असेल तर दाटी करून लावू नका, बोटाने माती बघून पाणी घाला, छाटायला भिऊ नका, आणि पूजेचं पाणी, दूध, राख त्याच्या मुळांपासून लांब ठेवा. शेजाऱ्यांना सांगा, पाहुण्यांना सांगा. फक्त शुक्रवार पेठेतल्या या जिन्याने वर येऊन तेवढं सांगू नका.

आत्ता सकाळ आहे. पूजा झालेली दिसते, अव्वा गुडघ्यावर हात टेकून उठते आहे. बुडाशी माझं अजून थोडं हिरवं आहे. कडेने एक कोंब यायचा म्हणत होता, काल रात्रभर तो मला जाणवत होता. दार उघडलं. आज तिने तांब्या काठोकाठ भरलाय आणि दोन्ही हातांनी धरलाय.

घाल, अव्वा.