ब गटातलं बाळ

सिस्टरचं काम फोन करायचं. इस्पितळात एवढ्या सिस्टर्स, कुणी सलाईन लावतंय, कुणी ड्रेसिंग करतंय, आणि ही बाई तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत खुर्चीला चिकटून दिवसभर फोनवर. लोकांना वाटायचं, मजा आहे हिची. मजा कसली डोंबलाची! ज्यांचं मूल तीन-तीन, चार-चार वेळा पोटातच गेलं आणि ज्यांना आता पुन्हा दिवस गेले होते, अशा बायकांना ती फोन करायची.

औषधं सगळ्यांना सारखीच होती. शोधायचं होतं ते एवढंच, की आठवड्यातून एकदा कुणी आपुलकीनं विचारपूस केली तर मूल टिकायला मदत होते का. हे खूळ सिस्टरचंच. मोठ्या बाई, म्हणजे विभागाच्या मुख्य डॉक्टर, आधी चक्क हसल्या होत्या. सिस्टरनं दोन वर्षं त्यांचं डोकं खाल्लं, तेव्हा कुठे अभ्यासाला परवानगी मिळाली. त्यामागे होती तिची थोरली बहीण. बहिणीचं चार वेळा गेलं, आणि चारही वेळा सिस्टरनं, काय बोलावं ते सुचेना म्हणून, फोन केला नाही. शिकलीसवरली नर्स असून केला नाही. ते तिला अजून आतून खात होतं.

बायकांचे दोन गट. कोण कुठल्या गटात ते कॉम्प्युटर ठरवायचा, तिथे कुणाचा वशिला चालत नसे. अ गटाला दर मंगळवारी फोन आणि ठरलेले अकरा प्रश्न. झोप लागली का, जेवण जातं का, भीती वाटते का, रडू आलं का, असे. अकरावा "आणखी काही?", आणि खरा वेळ त्यालाच लागायचा. ब गटाला नेहमीची तपासणी आणि एक माहितीपत्रक. ब गटाशी सिस्टरनं बोलायचं ते फक्त कार्यालयीन, म्हणजे तारीख, वेळ, कागदपत्रं. सगळ्यांनाच माया लावत बसलं तर फरक दिसणार कसा? हा नियम तिनं स्वतः लिहिला होता, ठळक अक्षरांत.

चष्मेवाली ब गटात आली. चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम करायची, म्हणून सिस्टरनं मनातल्या मनात तिचं हे नाव ठेवलं. तिचं चार वेळा गेलेलं, चारही वेळा नवव्या आठवड्यात. चिठ्ठीवरचा ब बघून ती "बरं" म्हणाली आणि माहितीपत्रकाची घडी घालून पर्समध्ये ठेवली. सिस्टरला वाटलं, चला, हिचा काही त्रास नाही.

तिचा पहिला फोन मंगळवारीच आला. बाहेरच्या बाकावर अ गटातल्या बायका मंगळवारच्या फोनबद्दल बोलत बसायच्या, ते हिच्या कानावर गेलं असणार. माहितीपत्रकाचं चौथं आणि पाचवं पान एकमेकांना चिकटलंय, ते तसंच असतं का, असं तिनं विचारलं. तसं नसतं, सिस्टर म्हणाली. पुढच्या मंगळवारी, पत्ता बदलला तर कळवायचं का? बदललाय का? नाही, बदलायचा विचारही नाही, पण बदललाच तर. मग सही निळ्या पेनानं केली होती, काळं पेन हवं होतं का? मग तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट थांबते का? त्याच लिफ्टनं चष्मेवाल्या बाईसाहेब दोनदा येऊन गेल्या होत्या. सिस्टर प्रत्येक फोनपुढे वहीत 'कार्यालयीन' लिहायची. कसंबसं का होईना, नियमात बसत होतं.

मग नवव्या आठवड्यातला मंगळवार उजाडला. फोन वाजला, नंबर तिचाच. पण चष्मेवाली काही बोलेना. मागे काच घासायचं मशीन चालू होतं, तेही बंद झालं.

"आज काही प्रश्नच सुचत नाहीये, सिस्टर," ती म्हणाली.

फोन ठेवायचा, एवढंच करायचं होतं. सिस्टरला हिशेब पाठ होता. एकदा पडलेला गट बदलत नाही, मध्ये काहीही होवो. म्हणजे आता हिच्याशी बोललं आणि हिचं मूल टिकलं, तर ते ब गटातच मोजणार, फोनशिवाय टिकलेलं मूल म्हणून. ज्या गोष्टीसाठी इतकी वर्षं जीव टाकला, ती खोटी पडायला स्वतःच हातभार लावायचा, आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घ्यायचा. तिला बहीण आठवली, आणि स्वतःचा भयंकर राग आला.

"माझ्याकडे अकरा आहेत," सिस्टर म्हणाली. "झोप लागली का काल?"

"आणखी काही?"पर्यंत पोचायला पाऊण तास लागला. मग सिस्टरनं नियमभंगाचा फॉर्म घेतला आणि खरं काय ते लिहून टाकलं. पुढच्या मंगळवारी फोन तिनंच लावला, त्याच्या पुढच्याही, आणि प्रत्येक वेळी फॉर्म भरला. पाच फॉर्म झाल्यावर मोठ्या बाईंनी बोलावून यथेच्छ झाडलं. अभ्यास तुझा, नियम तुझा, आणि त्यावर बोळा फिरवणारीही तूच का, म्हणाल्या. आता येत्या मंगळवारी काय करणार आहेस? सिस्टर म्हणाली, फॉर्म संपत आलेत, आणखी छापायला टाकते. मोठ्या बाईंनी पेन उघडलं. मग त्यांनी पाचही फॉर्मांवर सह्या केल्या.

दिवस भरले, त्यानंतरच्या मंगळवारी चष्मेवालीचा फोन आला. कार्यालयीन प्रश्न आहे, म्हणाली. मूल झालं तर कळवायचं असतं ना? मुलगी होती, पावणेतीन किलोची, आणि मागे टाहो फोडत होती. हो, कळवायचं असतं, एवढं सिस्टर कशीबशी म्हणाली आणि फोन ठेवून पोटभर रडली.

निकाल दीड वर्षानं आला. तो घेऊन आला आकडेवाला, म्हणजे अभ्यासाची आकडेमोड करणारा, मुंगीलाही वाईट बातमी सांगताना घाम फुटेल असा माणूस. अ गटात मुलं जास्त टिकली होती. पण सिद्ध झालं म्हणायला जेवढा फरक लागतो, त्याला थोडक्यात कमी. म्हणजे सिद्ध झालं नाही. म्हणजे फोन बंद, आणि महिनाअखेरीस ती खोली जुन्या फायलींना द्यायची.

आकडेवाल्याला राहवेना. त्यानं तीनतीनदा ताळा करून बघितला होता. ब गटात एक, फक्त एक मूल कमी असतं, तर सगळं जमून आलं असतं. ते कुठलं, हे त्याला कुठून माहीत असणार? मोठ्या बाईंना माहीत होतं. त्या चष्मा काढून पुसत बसल्या.

"एकच हो, सिस्टर," तो हळहळून म्हणाला. "एक जरी कमी असतं ना."

"नको," सिस्टर म्हणाली. "तेवढं राहू द्या."