गाऱ्हाण्यातली नवी ओळ

दत्तप्रसादने देवळाच्या पायरीवर चपला काढल्या आणि पुन्हा पायात घातल्या.

"घालतंस कित्याक? पळतलंस काय?" मागून शेजारचा सगुण हसला. "आज तुझ्या नावान गाऱ्हाणां आसा म्हणतत."

गौरवीने नवऱ्याचा दंड धरला. "अहो, अजून वेळ आसा. ग्रुपवरचां ता डिलीट करा."

धारगळच्या हमरस्त्यावर त्याचं झेरॉक्सचं दुकान. गिऱ्हाईक नसलं की मनात येईल ते लिहून तो गावाच्या ग्रुपवर टाकायचा. मालिकेतली सासू नथ घालून झोपते, तिला टोचत नाही का? निवडणूक आली की सगळ्या पक्षांना एकाच दिवशी आमचा खड्डा कसा दिसतो? बेकरीवाल्या पदेराचा पाव दर वर्षी लहान का होतो? लोक हसायचे, दुकानात येऊन टाळी द्यायचे. मंगळवारी त्याने विचारलं, देवळामागचा डोंगर बिल्डरला कोणी दिला? त्यावर कोणी हसलं नाही. संध्याकाळी देवस्थान समितीचा अध्यक्ष संदीप दुकानाच्या दारात उभा राहून एवढंच बोलला, "जत्रेच्या गाऱ्हाण्यात तुझी ओळ घालूक सांगलां बाबाजीक."

डोंगर विकणारे निवांत झोपत होते. विचारणाऱ्याला मात्र चार दिवस घास गिळवत नव्हता. गाऱ्हाण्यात कोणाविरुद्ध मागणं आलं आणि देवासमोर सगळा गाव एका तोंडाने हो म्हणाला, की त्या माणसाच्या दारात पालखी थांबत नाही आणि त्याला लग्नाकार्याचं बोलावणं येत नाही. चार पिढ्या इथेच राबल्यावर जायचं कुठे?

बाबाजी नारळ घेऊन पुढे झाला. गावाच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालायचं काम पिढीजात त्याच्याच घराकडे. चौक गच्च भरला होता.

"बा देवा म्हाराजा! ही तुझी लेकरां तुझ्या पायाकडे जमली आसत. तेंचां बरां कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"पोराबाळांक, गोरवांक, शेताभाटाक सांभाळ रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

दत्तप्रसादही म्हणत होता. बापाच्या खांद्यावर बसून शिकलेलं; तोंड आपसूक उघडायचं. संदीपने घसा खाकरला. बाबाजीने नारळ या हातातून त्या हातात घेतला.

"आणि जो कोण मोबायलार गावाची बदनामी करता, तेचां तोंड बंद कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

चौक घुमला. त्या घुमण्यात दत्तप्रसादला स्वतःचाच आवाज ऐकू आला, खणखणीत, सगळ्यांच्या वर. सगुणने वळून त्याच्याकडे पाहिलं. या वेळी तो हसला नाही.

दत्तप्रसादने कपाळावरचा घाम पुसला आणि चोरट्यासारखी बायकोकडे नजर टाकली. गौरवी हात जोडून उभी होती. देवाकडे नाही, ती सरळ संदीपकडे पाहत होती. बाबाजीने पावसापाण्याचं मागितलं, चौक पुन्हा घुमला. गौरवीचे ओठ घट्ट मिटलेले होते.