चिंचेखालचा मुक्काम

"बाबा, जत्रेत मुक्कामाची जागा दरसाल तुमीच काहून ठरवता?"

हे विचारून दाखव, अशी पैज कामरगावच्या शाळेतल्या मैत्रिणींनी लावली होती. मी विचारलंच!

दमणीच्या चाकाला वंगण लावता लावता बाबा हसले. "मंग कोन ठरवन, तू? बैलाइले सावली पायजे, म्हून चिंचेखाली."

"अन् मायले?"

चिंचेपासून विहीर लांब. पाणी आणण्यात अन् भाकरी थापण्यात मायचे जत्रेचे तिन्ही दिवस जातात. जत्रेतला पाळणा तिनं अजून जवळून पाहिलेला नाही.

माय पुटपुटली, "राहू दे वं, सोजर."

बाबांचा हात थांबला. "विहिरीपाशी सावली नाही, पोरी."

"मंग गाडी सोडा चिंचेखालीच. पन यंदा पानी मी अन् तुमी भरू. माय पाळण्यात बसन!"