शिबिरं – सर्वांसाठी

मी एक कॅलेंडर आहे, पण मला भिंतीत खिळा लागत नाही आणि माझ्यावर देवाचं चित्रही नाही. सोलापुरात होटगी रोडला डोळ्यांचा एक धर्मादाय दवाखाना आहे. त्याच्या ऑफिसच्या मागच्या खोलीत, एसीच्या गारठ्यात, सर्व्हर नावाचं एक काळं कपाट घुमत असायचं. ऑफिसची सगळी ईमेल त्यातूनच जायची-यायची. त्याच कपाटात माझा जन्म झाला.

मला घडवलं बुद्धप्रियाने. ती तेव्हा नुकतीच शिक्षण संपवून दवाखान्यात कॉम्प्युटरच्या कामाला लागली होती. गावोगावची नेत्रशिबिरं ठरवायचं काम दानम्माक्कांकडे होतं. त्या फळ्यावर खडूने तारखा लिहायच्या आणि बार्शी-अकलूजच्या शाखांना दिवसभर फोन करून कळवायच्या. त्यांचा घसा कायम बसलेला. ते पाहून बुद्धप्रियाने मला तयार केलं, ‘शिबिरं – सर्वांसाठी’ असं नाव दिलं आणि प्रत्येक शाखेला माझ्यावर पूर्ण अधिकार दिला. ज्याला वाटेल त्याने वाचावं, लिहावं, बदलावं, पुसावं. अक्कांनी विचारलं, सगळ्यांना सगळंच? ती म्हणाली, आपलीच माणसं आहेत की.

ते दिवस आठवले की अजून बरं वाटतं. अकलूजचा यशपाल डोळे तपासायचा. तो आपली शिबिरं हिरव्या रंगात मांडायचा. बार्शीच्या नर्स राजाबाई तारखेखाली मनाला येईल ते लिहायच्या. ‘येताना चादरी आणा.’ ‘इथं पाण्याचे हाल आहेत, कॅन भरून घ्या.’ ‘शनिवारी नात येणार, मला सोडा.’ त्याखाली अक्का लिहायच्या, ‘नातीसाठी शेंगाची चटणी पाठवते.’ जानेवारीत कुणीतरी सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेसाठी अख्खा दिवस रंगवून ठेवायचं आणि तो कुणीही पुसायचं नाही. अक्का सकाळी आल्या की पर्स खाली ठेवायच्या आधी मला उघडायच्या, वाचायच्या आणि कानडीत स्वतःशीच काहीतरी पुटपुटून हसायच्या.

मग एकदा राजाबाई जुन्या नोंदी साफ करायला बसल्या. त्यांना वाटलं, आपण आपल्याच पुसतोय. पुसला गेला सगळ्यांचा अख्खा चालू महिना, आणि तारखा आठवून पुन्हा लिहिताना घोळ झाला. एका गावात म्हातारी माणसं शाळेच्या ओट्यावर सकाळपासून बसून राहिली आणि आमची शिबिराची गाडी भलत्याच गावाला जाऊन उभी राहिली. व्यवस्थापक शिवशरण साहेबांना गावकऱ्यांची बोलणी खावी लागली. साहेब वाईट नव्हते, पण पोळले होते. त्यांनी बुद्धप्रियाला सांगितलं, शाखांचे अधिकार काढून घे. लिहिणार फक्त अक्का. बाकीच्यांना गाडी मोकळी आहे की नाही, एवढं कळलं तरी पुरे.

तिने तसं केलं. तेव्हापासून शाखांना माझ्यात नुसते निळे पट्टे दिसू लागले आणि प्रत्येक पट्ट्यावर एकच शब्द, ‘व्यस्त’. कुठे, कशासाठी, कुणाबरोबर, काही नाही. चादरी, नात, चटणी, सगळं बंद. कुणाला शिबिर घ्यायचं असेल तर त्याने अक्कांना मेल करायचा आणि अक्कांनी ते माझ्यात लिहायचं. चुका थांबल्या, हे खरं. पण ज्या घरात कुणी येत-जात नाही, त्या घरासारखं मला व्हायला लागलं.

त्या वर्षी उसाचा हंगाम संपत आला होता. श्रीपूरला कारखान्याजवळ बीडकडच्या ऊसतोड टोळ्या उतरल्या होत्या. यशपाल तिथे जाऊन माणसांशी बोलून आला. त्यांच्यात तानाबाई नावाची एक म्हातारी होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उसाची मोळी ती हाताने चाचपून बांधायची. कारखाना बंद व्हायच्या आत गाडी आणतो, असा यशपालने तिला शब्द दिला आणि तारीख कळवणारा मेल अक्कांना पाठवला.

अक्का नेमक्या तेव्हा रजेवर होत्या, लेकीच्या बाळंतपणाला अक्कलकोटला. मेल तसाच पडून राहिला. पुढे यशपालने मला उघडून पाहिलं, तर त्याने मागितलेल्या तारखेवर निळा पट्टा होता. ‘व्यस्त.’ त्याला वाटलं, अक्कांनी लिहून टाकलं. खरं तर त्या दिवशी गाडी दुरुस्तीला गॅरेजात जायची होती, आणि रजेवर जाण्याआधी अक्कांनी तेवढंच लिहून ठेवलं होतं. मला सगळं माहीत होतं. पण ज्याला जेवढं दाखवायची परवानगी, त्याला मला तेवढंच दाखवता येतं.

त्या सकाळी टोळीने तोड बंद ठेवली. रोजगार बुडवून माणसं कारखान्याच्या गेटसमोर ओळीने बसली. यशपालने सोलापूरला फोन केला तेव्हा कळलं, की गाडी खोलून ठेवली आहे. ऊन चढलं तशी माणसं एकेक करून उठली. दुसऱ्या दिवशी गाळप संपलं आणि टोळ्या बैलगाड्यांसकट गावाकडे निघाल्या. तानाबाई यशपालला एवढंच म्हणाली, की असू दे, पुढच्या हंगामाला येतेच की मी.

अक्का परत आल्या, मेल वाचला आणि त्यांनी तिथल्या तिथे यशपालला फोन लावला.

“अक्का, मला नुसतं व्यस्त दिसत हुतं,” तो म्हणाला. “मला वाटलं, आपलंच हाय.”

अक्कांनी फोन ठेवला, शिवशरण साहेबांना आपल्या टेबलापाशी बोलावून आणलं आणि बुद्धप्रियाला सांगितलं, अकलूजला जे दिसतं ते यांना दाखव. तिने मला तसं उघडलं. साहेब निळ्या पट्ट्यांकडे बघत उभे राहिले. यातून गाडी कुठे आहे ते मलाही कळत नाही, असं ते हळूच म्हणाले.

“साहेब, कुलूप नाहीतर सताड उघडं दार, एवढंच नसतं,” बुद्धप्रिया म्हणाली. “वाचता सगळ्यांना येईल, लिहिताही येईल. पण बदलायचं-पुसायचं ते फक्त ज्याचं त्याने. हे मी तेव्हाच बोलायला हवं होतं.”

“मी तेव्हा विचारलं कुठे?” साहेब म्हणाले. “आता कर.”

ती लगेच कामाला बसली. शाखा एकेक करून माझ्यात परत आल्या. राजाबाई काही दिवस बिचकत होत्या. मग एका सकाळी त्यांच्या नावाने एक ओळ उमटली, ‘नात शाळेत जायला लागली.’ अक्कांनी ती मोठ्याने वाचून दाखवली.

पुढच्या हंगामात श्रीपूरची तारीख यशपालने स्वतःच्या हाताने लिहिली. तानाबाई आली. तिला सोलापूरला आणून शस्त्रक्रिया केली. एका डोळ्याला दिसायला लागलं. दुसऱ्यात मोतीबिंदू फार पिकून आत काचबिंदू झाला होता. तो डोळा गेला तो गेलाच. आधी आली असती तर कदाचित दोन्ही वाचले असते, असं डॉक्टर म्हणाले. अक्कांनी त्या दुपारी डबा उघडला नाही.

गावी परतण्याआधी यशपाल तानाबाईला अक्कांना भेटवायला घेऊन आला. गाडी कधी येणार ते कशावर लिहितात, हे तिला बघायचं होतं.

“ह्यात माजं कुटं हाय?” तिने विचारलं.

अक्कांनी श्रीपूरच्या हिरव्या चौकोनावर बोट ठेवलं. तानाबाई वाकली आणि एका डोळ्याने माझ्याकडे बघत राहिली.

“लई बारकं हाय की,” ती म्हणाली.

“व्हय मावशी,” अक्का म्हणाल्या.

आता ते काळं कपाट बंद झालं आहे. शाखांच्या हातात मोबाइलवरचं नवं कॅलेंडर आहे. मलाही नव्या घरी हलवलं, पण माळ्यावर सामान ठेवावं तसं. माझ्यात कुणी लिहीत नाही. मागच्या महिन्यात अक्का निवृत्त झाल्या. शेवटच्या दुपारी त्यांनी मला उघडलं, मागे मागे जात राजाबाईंच्या चादरींपर्यंत सगळं वाचलं, आणि चष्मा पुसून कॉम्प्युटर बंद केला.

नंतर त्यांचं खातं काढून टाकलं. खातं गेलं की माझ्या परवानग्यांच्या यादीतून माणसाचं नावही जातं आणि तिथे एक लांबलचक, अर्थ नसलेला आकडा उरतो. अक्कांच्या जागी आता तसा आकडा आहे. बुद्धप्रियाच्या डोळ्यांवरही आता चष्मा आला आहे, आणि सध्या ती याद्यांमधले असले बेवारस आकडे पुसत एकेका कॅलेंडरपाशी बसते आहे. लवकरच माझी पाळी येईल.

बुद्धप्रिया, पोरी, माझं एक ऐक. सगळ्यात वरचा तो आकडा कुणाचा म्हणून विचारशील, तर यंत्र तुला सांगू शकणार नाही. मी सांगतो, तो अक्कांचा आहे. तेवढी एक ओळ राहू दे. त्या आकड्याला माझ्यात लिहायचा अधिकार अजून आहे.