दहावा स्क्रू

“निघाला का हो?” आईनं आतून तिसऱ्यांदा विचारलं.

 बाबा घरापुढच्या गॅरेजात जमिनीवर फतकल मारून बसले होते. समोर कंपाउंडरांची जुनी मोटारसायकल. तिच्या इंजिनाच्या उजव्या अंगाला क्लचचं कव्हर, आणि त्या कव्हरला दहा स्क्रू. नऊ सकाळीच निघाले होते आणि एका चिरलेल्या बशीत ओळीनं पडले होते. दहावा, सगळ्यात खालचा, हटून बसला होता. त्याच्या डोक्यावरची चौफुली खाच केव्हाच गुळगुळीत झाली होती.

“तुमच्या हातचं आहे ते, मिस्त्री,” स्टुलावर बसलेले कंपाउंडर म्हणाले. अधू पाय त्यांनी सरळ लांब केला होता. “चोर माझी गाडी नेईल एक वेळ, पण कव्हर त्याच्या बापाला उघडायचं नाही.”

एरवी बाबा यावर हसले असते. बाबा गरजेपेक्षा जास्त आवळतात, हा आमच्याकडचा जुना विनोद होता. बाबांनी बंद केलेला नळ उघडायला दोन हात लागत. डब्याची झाकणं तर आई त्यांच्यासमोर नेऊन ठेवायची आणि म्हणायची, “तुम्हीच आवळलंय, तुम्हीच सोडवा.” पंचवीस-तीस वर्षं गल्लीतल्या प्रत्येक दुचाकीवर त्यांचा हात फिरला, आणि प्रत्येकीचे स्क्रू असेच दातओठ खाऊन बसलेले. ते सोडवायला पुन्हा बाबांकडेच यावं लागे. समोरचा गॅरेजवाला म्हणायचा, “काका गिऱ्हाईक बांधून ठेवतात.”

पण चार महिन्यांपूर्वी बाबांच्या उजव्या मनगटाचं ऑपरेशन झालं. जखम भरली, बोटांत जोर काही परतला नाही. अंगठ्याखालचं मांस सुकून गेलं. चहाचा कप निसटायचा, शर्टाचं बटण लागायचं नाही. गेल्या महिन्यात एका गाडीची टाकी हातातून सुटली आणि पायावर पडता पडता राहिली. त्या दिवशी आई म्हणाली, “आता पुरे. शटर ओढा.”

बाबा दोन दिवस नुसतीच हत्यारं पुसत बसले. मग म्हणाले, “कंपाउंडरांची गाडी यायची आहे क्लचप्लेटला. तिचं कव्हर मी माझ्या हातानं काढलं, तर गॅरेज चालू राहील. नाही निघालं, तर किल्ली तुझ्या हातात देतो.”

म्हणून आई पुन्हा पुन्हा विचारत होती. आणि म्हणून मी, चार दिवसांसाठी माहेरी आलेली, माझी पोरगी नुकतीच झोपली होती तरी तिच्या शेजारी आडवी न होता मधल्या दारात उभी होते.

बाबांनी सगळं करून पाहिलं होतं. रात्रभर स्क्रूच्या कडेनं रॉकेल सोडून ठेवलं होतं. ठोका मारला की आपोआप फिरणारा स्क्रूड्रायव्हर सकाळी वापरला, त्यानं उरलीसुरली खाचही खाल्ली. आता त्यांनी स्टोव्हवर तापवलेली लोखंडी सळई कव्हरला टेकवली, धातू गरम होऊ दिला, आणि स्क्रूच्या डोक्यावर हातोडीनं सरळ चार ठोके दिले. पकड यावी म्हणून टोकाला दाणेदार पेस्ट फासून स्क्रूड्रायव्हर बसवला. दोन्ही हातांनी धरला. मानेची शीर फुगली.

स्क्रूड्रायव्हर घसरला. त्यांची मूठ उघडली आणि तो फरशीवर खणखणत लांब गेला. बाकड्याखाली झोपलेलं कुत्रं दचकून उठलं, इकडेतिकडे पाहून पुन्हा आडवं झालं. कुठलंही कुत्रं दारात येऊन पडलं तरी बाबा हाकलत नसत. मला लहानपणी याचं नवल वाटायचं, कारण कंपाउंडरांचा पाय कुत्र्यामुळेच अधू झाला होता. मी पाळण्यात असताना ते चौकात गाडीवरून पडले. कुत्रं आडवं आलं, असं ते सगळ्यांना सांगायचे. तरी त्यांनी ना गाडी सोडली, ना आमचं गॅरेज.

बाबा आपल्या तळव्याकडे बघत होते, कुणाची तरी उसनी आणलेली वस्तू बघावी तसे. कंपाउंडर भिंतीवरच्या कॅलेंडरात काहीतरी शोधायला लागले.

“अगं,” बाबा वर न बघता मला म्हणाले, “जरा इकडे ये.”

मी स्क्रूड्रायव्हर उचलून आणला.

“बस इथं. गुडघा टेकव. पुसलेलं नाहीये, साडी खराब होईल.”

“होऊ दे. तशीही पोरीनं सकाळी दूध सांडलंय तिच्यावर.”

त्यांनी एक बारीक छिन्नी घेतली, गुळगुळीत डोक्यावर आडवी धरली आणि माझ्या हातात हातोडी दिली. “हळू. खाच पाडायचीय, फोडायचं नाही.” मी ठोकत गेले, ते छिन्नी तिरपी-सरळ करत गेले. थोड्या वेळानं एक चमकदार रेघ उमटली. तिच्यात त्यांनी चपट्या टोकाचा स्क्रूड्रायव्हर बसवला.

“आता अंग टाक त्याच्यावर. जोर दाबायला लावायचा, फिरवायला नाही. आणि आधी आवळ.”

“आवळू? काढायचाय ना?”

“आधी केसभर आवळायचं. तो हलला की मग सोडायचं. एकदम उलटं फिरवलं तर तो अडूनच बसतो.”

मी खांदा टेकवला, दाबलं, आवळलं. काहीच झालं नाही. बाबांनी त्यांचा डावा हात माझ्या हातावर ठेवला. तो हात जड होता, पण जोर त्यात नव्हता, नुसतं वजन होतं. “अजून,” ते म्हणाले. माझ्या कपाळावरचा घाम डोळ्यात गेला. आणि मग हाताखाली, कट्, असं काहीतरी झालं, बोट मोडल्यासारखं.

“आता सोड,” बाबा कुजबुजले.

स्क्रू फिरला. पाव, अर्धा. मग बोटांनीच निघून आला, काळा, तेलकट, कोमट. बाबांनी तो बशीत ठेवला, नवांच्या शेवटी.

आईला आवाजातला फरक कळला असावा. तिच्या हातात चहाचे कप होते, ती दारात आली. “निघाला?”

“निघाला,” कंपाउंडर म्हणाले.

“कुणी काढला?”

मी बाबांकडे बघितलं. बाबांनी माझ्याकडे बघितलं नाही.

“मिस्त्रींनीच की,” कंपाउंडर अगदी सहज म्हणाले. “दुसऱ्या कुणाचं काम आहे का ते? पोरीनं नुसतं धरलं होतं.”

आईचा चेहरा जरा पडला, जरा सैलावलाही. गॅरेज बंद व्हावं आणि स्क्रूही बाबांच्याच हातून निघावा, असं दोन्ही तिला हवं होतं बहुतेक. तिनं कप पुढे केला.

बाबांनी तो घेतला नाही. “नाही,” ते म्हणाले. “तिनं काढला. माझ्या हातून नाही निघाला.”

“अहो मिस्त्री...”

“एकदा खोटं बोललात माझ्यासाठी, तेवढं पुष्कळ झालं, कंपाउंडर.”

“आता कशाला उकरून काढताय ते?”

“चौकात कुत्रं नव्हतंच,” बाबा आईला म्हणाले. ती कप धरून तशीच उभी होती. “त्या दिवशी हे दहाही स्क्रू मी नुसते बोटांनी लावून ठेवले होते. आवळणार होतो. तू बाहेर गेली होतीस आणि ही पाळण्यात रडायला लागली. म्हणून आत गेलो, हिला उचललं, खांद्यावर घेऊन गप्प केलं. बाहेर येतो तर गाडी नाही. ह्यांना दवाखान्यात जायची घाई होती, झालं असेल असं समजून घेऊन गेले. चौकापर्यंत तेल गळून मागच्या चाकावर आलं.”

कंपाउंडरांनी अधू पाय हातानं उचलून जरा जवळ घेतला.

“मीच न विचारता नेली,” ते म्हणाले. “आणि तुमचं गॅरेज नवीन होतं. पोर लहान होती. मी काय सांगणार लोकांना?”

“म्हणून मी गप्प बसलो,” बाबा म्हणाले. “तेव्हापासून आवळतोय.”

आईनं कप बाकड्यावर ठेवला. “चहा गार होतोय,” ती म्हणाली, आणि तिचा आवाज मला ओळखू आला नाही.

दुपारभर आम्ही ते काम केलं. बाबा सांगत होते, मी करत होते. प्लेटा बदलल्या, नवं पॅकिंग घातलं, कव्हर बसवलं. नवे दहा स्क्रू बाबांनी स्वतः बोटांनी लावले. मग स्क्रूड्रायव्हर त्यांनी कंपाउंडरांपुढे धरला. “तुम्ही आवळा.”

कंपाउंडर कण्हत खाली बसले, पाय बाजूला टाकून. औषधाच्या बाटलीचं बूच फिरवावं तसं त्यांनी एकेक आवळलं. दहाव्याशी थांबून त्यांनी वर बघितलं. “बस?”

बाबांचा हात आपोआप पुढे आला होता. तो त्यांनी मागे घेतला. “बस.”

तेल भरून झालं. गाडी रात्रभर तिथंच राहिली, खाली पुठ्ठा अंथरून. कितीही घाई असो, तेल गळतंय का ते सकाळी पुठ्ठ्यावर बघितल्याशिवाय बाबा गाडी देत नसत. सकाळी मी पोरीला काखेत घेऊन आले तेव्हा ते गाडीखाली हात घालून पुठ्ठा चाचपत होते. कोरडा होता.

“आता माझ्या गाडीचं कोण बघणार?” गाडी न्यायला आलेल्या कंपाउंडरांनी निघताना विचारलं.

“समोरचा बघेल. बरा आहे तो. फक्त त्याला सांगा, फार आवळू नकोस म्हणावं.”

गाडी चौकातून वळेपर्यंत बाबा उभे होते. मग त्यांनी बशी पुसली, पुठ्ठा घडी करून बाकड्यावर ठेवला. शटर मीच ओढलं. किल्ली त्यांनी आत जाऊन आईच्या हातात दिली. ती घेऊन आई बराच वेळ घरभर फिरत होती. कुठे ठेवावी ते तिला सुचत नव्हतं.

दुपारी सगळे आडवे झालो. पोरगी माझ्या कुशीत, बाबा पलीकडे भिंतीकडे तोंड करून. स्वयंपाकघरात टप्, टप् आवाज येत होता. बाबांनी मघाशी हात धुतले होते. या घरात नळ गळताना मी पहिल्यांदाच ऐकत होते.

मी उठणार तेवढ्यात आईनं मला हातानं थांबवलं. ती स्वतःच उठली, पाय न वाजवता आत गेली, आणि दोन बोटांनी नळ बंद करून आली.