पडद्यावरचा हात

मी कटिंग मास्तर. एकतीस वर्षं कोट कापले. कापडात कोणी अर्धा इंच इकडचा तिकडे केला तरी माझ्या नजरेतून सुटायचा नाही. आणि माझ्याच बायकोने मला दोन-अडीच महिने गंडवलं, माझ्यासमोर बसून, तेव्हा माझे डोळे काय गवत उपटत होते?

अर्धांगाचा झटका आला तो कारखान्यातच, हातात खडू असताना. पाय महिन्याभरात वळणावर आले, जीभही सुटली. उजवा हात मात्र लोंबकळत राहिला. तो कुठे आहे हे बघितल्याशिवाय कळायचं नाही, इतका बधिर. मालक भला माणूस. दवाखान्यात येऊन म्हणाला की टेबल तीन महिने रिकामं ठेवतो, तोवर हात चालला तर टेबल तुमचंच, नाहीतर मला दुसरा माणूस बघावा लागेल. मला दुसरं काही येत नाही. त्या टेबलाशिवाय मी म्हणजे घरात जागा अडवणारं कपाट.

फिजिओबाईंनी घरी खेळायला व्हिडिओ गेम दिला. मला आधी ते पोरकट वाटलं, या वयात आता हेच राहिलं होतं. टीव्हीवर एक छोटा कॅमेरा बसवायचा, आपण समोर खुर्चीत बसायचं. पडद्यावर सफरचंदाचं झाड आणि एक हात. आपला हात हलला की तो हात हलतो, सफरचंद तोडतो आणि टोपलीत टाकतो. टोपलीत पडलं की घंटी वाजते. त्या हाताला निळी बाही होती आणि खांद्याला हीऽ मोठी चुणी. शिवणाऱ्याला दोन ठेवून द्याव्यात अशी. बाईंनी बजावलं होतं, "हाताकडे बघायचं नाही, पडद्याकडे बघायचं." बटणं कोणती दाबायची ते त्यांनी बायकोला समजावलं, कारण मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं.

पहिले दोन आठवडे मजेत गेले. साठ-सत्तर सफरचंदं व्हायची. तिसऱ्या आठवड्यात काय झालं कोण जाणे, अकरावर आलो. दुसऱ्या दिवशी नऊ. माझं डोकं फिरलं. डाव्या हाताने रिमोट भिंतीवर आपटला, जेवणाचं ताट सरकवलं आणि नको ते बोललो. यापेक्षा त्या दिवशीच गेलो असतो तर बरं झालं असतं, असं. बायको रिमोटचे सेल गोळा करत बसली.

त्याच्या दुसऱ्या दिवशी ब्याऐंशी सफरचंदं झाली! मी खुर्चीत उडालोच, हसलो. बायकोने टाळ्या वाजवल्या. मग रोजच वाजवायला लागली. शंभर, दीडशे, दोनशे चाळीस. स्वयंपाक अर्धा टाकून पदराला हात पुसत यायची, बाजूच्या स्टुलावर बसायची आणि घंटी वाजली की टाळी. शेजाऱ्यांना सांगायची, "आमच्या यांचा हात आता काय ऐकतोय." मी फुगलो होतो, कबूल करतो. एकदा उजव्या हाताने पाण्याचा पेला उचलायला गेलो, तर तिने पटकन हातात आणून दिला, डाव्या. म्हणाली, "अहो, तो हात दमवू नका, खेळासाठी जपा." मला ते किती प्रेमाचं वाटलं तेव्हा. फिजिओबाईंकडे तपासणीला जायचं दोनदा ठरलं, दोनदा तिनेच फोन करून पुढे ढकललं. एकदा मला सर्दी होती म्हणून, एकदा तिची कंबर धरली म्हणून. सफरचंदांचे आकडे ती फोनवर कळवते म्हणाली. मीही विचारलं नाही. नवरा-बायकोत पावत्या मागतात का कोणी?

तीन महिने भरले त्या सोमवारी मी दाढी करून कारखान्यात गेलो. मालकाने टेबल पुसून ठेवलं होतं. वर राखाडी कापड अंथरलेलं, माझी जुनी कात्री पलीकडच्या कडेला. शिलाईवाल्यांनी मशिनी थांबवल्या, माझं काम बघायला. मी कात्रीकडे हात नेला.

हात वीतभर गेला आणि थांबला. मी आणखी जोर लावला. खांदा वर आला, कंबर वाकली, हात जागच्या जागी. समोर पडदा नव्हता, म्हणून तीन महिन्यांत पहिल्यांदा मी माझ्या हाताकडे नीट बघितलं. तो कापडावर पालथा पडला होता, बोटं अर्धी मिटलेली. मालक हळूच म्हणाला की बसा मास्तर, घाई नाही. पण त्याने कात्री उचलून खणात ठेवली, ते मी पाहिलं.

घरी गेलो, बायकोला आणि त्या यंत्राला घेतलं आणि तसाच फिजिओबाईंकडे धडकलो. म्हटलं, तुमचा खेळ खोटा आहे. बाईंनी यंत्र जोडलं आणि दोन बटणं दाबली. मग मला समजावलं. खेळात मदतीचा आकडा असतो. मदत दहावर असली की खरा हात चार बोटं हलला तरी पडद्यावरचा हात झाडाच्या शेंड्यापर्यंत जातो. सुरुवातीला नाउमेद होऊ नये म्हणून तसं ठेवतात, आणि दर आठवड्याला ती मदत कमी करत आणायची असते, म्हणजे हाताला स्वतः लांब जावं लागतं. झटक्यानंतरचे पहिले काही महिने हात सगळ्यात लवकर शिकतो.

"हे अजून दहावरच आहे," बाई म्हणाल्या. "मी कमी करायला सांगितलं होतं ना?"

त्या माझ्याशी बोलत नव्हत्या. मी वळलो. बायको दाराशी पिशवी छातीशी धरून उभी होती.

तिने केलं होतं कमी, तिसऱ्या आठवड्यात. अकरा आणि नऊ आले ते तेव्हाच. मी रिमोट फेकला, मरणाचं बोललो, आणि तिने आकडा परत वर नेला. "तुम्ही हसलात हो त्या दिवशी," ती म्हणाली. "झटक्यानंतर पहिल्यांदा. मग मला खाली आणायचा धीरच झाला नाही."

माझा स्वभाव तापट, त्यात माझीही चूक आहे, हे मला आज कळतं. तिथे कळत नव्हतं. अंगाची लाही होत होती. मी एवढंच विचारलं, "मग तू टाळ्या कशाच्या वाजवत होतीस?"

बाईंनी खिडकी लावून घेतली, उगाच. मग म्हणाल्या की हात अजूनही शिकेल, पण आता हळू, आणि कात्रीपर्यंत पोचेल असं त्या सांगू शकत नाहीत. त्याच आठवड्यात मालकाने दुसरा मास्तर ठेवला. मला निरोप पाठवला, कात्री घेऊन जा म्हणून. मी गेलो नाही.

आता बटणं मी स्वतः दाबतो, डाव्या हाताने. मदत शून्य. बायको स्वयंपाकघरात असते, तिचं स्टूल मी उचलून बाहेर ठेवलंय. आमचं बोलणं जेवण वाढू का, औषध घेतलं का, एवढंच. पडद्यावरचा हात झाडाखाली नुसता थरथरतो आणि निळी बाही खाली लोंबत राहते.

काल अर्ध्या तासाने एक सफरचंद टोपलीत पडलं. एकच. घंटी वाजली आणि आतून टाळी आली. एक, दोन, मग थांबली. मला घाम फुटला होता, खांदा ठणकत होता, आणि ते सफरचंद माझं होतं, खरं. कोणीतरी टाळ्या वाजवाव्यात असं फार वाटत होतं. पण टाळी तिचीच होती, आणि तिची खरी टाळी कशी वाजते ते मला आता ओळखता येत नाही. मी मागे वळलो नाही.