क्राऊन-पिनियन बदलायचा की नाही

आमच्या टोइंगच्या ट्रकचा क्राऊन-पिनियन बदलायचा की नाही, यावर घरात जेवढी चर्चा झाली तेवढी आमच्या लग्नाआधीसुद्धा झाली नव्हती. लग्न दोन बैठकींत उरकलं होतं.

क्राऊन-पिनियन म्हणजे मागच्या आसातली दातेरी चाकांची जोडी. वेगळ्या दातांची जोडी बसवली की ट्रक चढावर जोर धरतो, पण सपाट रस्त्यावर त्याचा वेग मार खातो. दोन्ही सुखं एकदम मिळत नाहीत. एवढं मला कळतं, कारण नवरा स्टिअरिंगवर असतो तेव्हा मागे साखळ्या अडकवणारी आणि दोर गुंडाळून गाडी ओढणारं विंच चालवणारी मीच असते.

झालं असं, की खाणीच्या चढावर बंद पडलेली बस ओढताना ट्रक जागेवरून निघेचना. उलट हातभर मागे सरकला. मी नुकतीच साखळी अडकवून बाजूला झाले होते. नवऱ्याने ब्रेक दाबून सावरलं आणि दुसऱ्या दमात बस वर नेलीही, पण त्या दिवसापासून चढावरचं काम आलं की तो ‘गाडी कामात आहे’ म्हणून फोन ठेवायला लागला. या माणसाला लोक ‘चढवाले’ म्हणून ओळखतात. चढ सुटला तर तो घरी बसून मला भाजी चिरायला शिकवणार, हे मला स्पष्ट दिसत होतं. आणि आतून खचणार, हेही दिसत होतं.

“गाडीत दम राहिला नाही,” त्याने जेवताना जाहीर केलं. “मागच्या आसाचा गिअर बदलायलाच पाहिजे.”

“वहिनी, दादाचं ऐकू नका,” धाकटे भावोजी म्हणाले. त्यांचा स्वतःचा ट्रक आहे आणि प्रत्येक विषयावर स्वतःचं मत आहे. “गिअर बदलला तर हमरस्त्यावर दादाला पाण्याचे टँकरसुद्धा मागे टाकतील.”

“टाकू देत. मी काय शर्यतीला निघालोय?”

हे ऐकून मी हातातली वाटी खाली ठेवली. कोणी पुढे गेलं की या माणसाला त्या दिवशी जेवण गोड लागत नाही. इथे कुठेतरी पाणी मुरत होतं.

“अहो, ट्रक तोच, चढ तोच, बसही काही नवीन नाही,” मी म्हटलं. “मग आत्ताच काय झालं?”

“गाडीचं वय झालं,” तो म्हणाला आणि आमटी ओढून घेतली.

शेवटी आम्ही ट्रक मेकॅनिककडे नेला. त्याला सगळे डॉक्टर म्हणतात, कारण काय होतंय ते विचारायच्या आधी तो बॉनेटला कान लावतो. त्याने मागच्या आसाचं हाउसिंग उघडलं, बोटावर ऑइल घेऊन पाहिलं, टॉर्च मारला.

“दात ठणठणीत आहेत. माझ्यापेक्षा बरे.”

मग त्याने आवारातली एक मोडकी बस ट्रकला जोडायला लावली आणि मागच्या टेकाडावर न्यायला सांगितलं. नवऱ्याने ट्रक चढावर थांबवला, पुन्हा काढायला गेला. ट्रक थरथरला, क्लच जळल्याचा वास सुटला आणि इंजिन बंद पडलं.

“बघितलंत?” नवरा खिडकीतून म्हणाला. बायकोने मीठ जास्त टाकल्यावर पाहुण्यांसमोर होतो तसा आनंद त्याच्या चेहऱ्यावर होता.

“आता वहिनींना बसू दे,” डॉक्टर म्हणाला.

“हिला?”

माझ्याकडे लायसन्स आहे. पण ते आमच्या घरात चांगल्या कपबश्यांसारखं कपाटातच असतं. मी चढून बसले. नवरा खाली उभा राहून दोन्ही हातांनी सूचना देत होता, त्यातली एकही मी घेतली नाही. क्लच अर्ध्यावर धरला, रेस दिली, हळूहळू पाय सोडला. ट्रक बसला घेऊन मुकाट्याने वर गेला.

माथ्यावर पोचून मी वळून पाहिलं. चार टोमणे जिभेवर तयार होते. नवरा डॉक्टरच्या मागून टेकाड चढून येत होता, आणि कोणी पाहत नाही असं समजून प्रत्येक पावलाला डावा गुडघा हाताने दाबत होता. क्लचचा पाय डावाच. चढावर तो अर्ध्यावर धरून ठेवावा लागतो, आणि तिथेच याचा गुडघा दगा देत होता. त्या दिवशी मी साखळीशी असताना ट्रक सरकला तो त्यामुळे. म्हणून हा फोन टाळत होता.

टोमणे मी गिळले. मला रडू आलं आणि रागही आला. गाडीचं दुखणं अख्ख्या गोतावळ्याला सांगितलं, स्वतःचं बायकोलाही नाही!

“गाडी बरी आहे म्हणायची,” वर येऊन तो जमिनीकडे बघत म्हणाला. “राहू दे गिअर. चढाची कामं धाकट्याला देऊन टाकू.” त्याचा चेहरा पार पडला होता.

“बरी कसली?” मी विव्हळत खाली उतरले आणि गुडघा धरला. “क्लच धरून धरून माझा पाय गेला! डॉक्टर, जोडी बदलली की क्लच इतका वेळ धरावा लागणार नाही ना?”

डॉक्टरने आधी माझ्या पायाकडे पाहिलं, मग नवऱ्याच्या. “नाही. सोडला की निघेल.”

“मग बदलून टाका. हे चालवतील हो, पण कधी मला बसावं लागलं तर?”

नवऱ्याने मी धरलेल्या गुडघ्याकडे पाहिलं. मग खाकरून म्हणाला, “हिचं हे असंच. जरा काम पडलं की पाय दुखतो.”

लबाड! पण बोलता बोलता त्याने माझ्या खांद्यावरची धूळ झटकली, म्हणून सोडून दिलं.

आता हमरस्त्यावर टँकर खरंच आम्हाला मागे टाकतात. नवरा खिडकीतून ओरडतो, “बायकोचा गुडघा, काय करणार!” भावोजींनी माझ्यासाठी मलम पाठवलं. काल खाणीच्या चढावर मी साखळी अडकवून हात केला, आणि ट्रक बोटभरही मागे न येता बस घेऊन निघाला.

घरी आल्यावर नवऱ्याने स्वतः पाणी तापवून शेकायची पिशवी भरली आणि माझ्यापुढे धरली.

“घे. तुझ्या गुडघ्याला.”

चेहरा अगदी सरळ. मी पिशवी घेतली आणि त्याच्या डाव्या गुडघ्यावर ठेवली. त्याने ना माझ्याकडे पाहिलं, ना पाय काढून घेतला.

“जरा खाली,” तो म्हणाला.